"मागे पांढरा उजेड लावा, अपघात टळतो" हा मेसेज पुढे पाठवू नका

मागच्या रविवारी माझ्या सख्ख्या बहिणीनं मला एक मेसेज पाठवला. त्याखाली तिचा आवाज: "भाऊ, पोराच्या गाडीले हे लावून दे ना. रातबेरात येते तो."

हा मेसेज आमच्या भागातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून राहिला आहे, त्यामुळे तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: गाडीच्या मागे पांढरी किंवा निळी एलईडी पट्टी लावा, ती दोन किलोमीटरवरून दिसते, मागून कोणी धडकतच नाही. स्वतःच्या सुरक्षेसाठी लावलेल्या लाइटला कायद्यात मनाई नाही. पट्टी पार्किंग लाइटच्या वायरला जोडा, बॅटरीवर लोड येत नाही. मग रेडियमची गरज नाही. खर्च तीनशे रुपये. "एक जीव वाचवा, सर्वांना पाठवा."

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे, वीस वर्षांपासून गाड्यांच्या वायरिंगमध्येच हात आहेत. मी बहिणीला नाही म्हणालो. भाच्यानं दुसरीकडून लावून घेतली. डिक्कीभोवती लाल पट्टी, बंपरखाली पांढरी.

बुधवारी संध्याकाळी दारव्ह्याहून दिग्रसकडे येताना तो पुढे होता, मी पिकअप घेऊन मागे. दिवे लागायची वेळ, रस्त्यावर वेचणीचा कापूस भरलेली बंडी. त्यानं ब्रेक मारला. मला तो ब्रेक कळलाच नाही. त्याची मागची बाजू आधीपासूनच लखलखत होती, ब्रेक दाबल्यावर त्यात काहीच बदललं नाही. गाडी एकदम मोठी दिसायला लागली तेव्हा मी ब्रेकवर उभा राहिलो. पिकअप थांबली तेव्हा माझं बोनट आणि त्याची डिक्की यात हातभर अंतर होतं.

म्हणून "मागून कोणी धडकतच नाही" याबद्दल मला आधी बोलायचं आहे. मागच्या दिव्यात दोन तारांचा (फिलामेंटचा) बल्ब असतो, पार्किंगची तार ५ वॅटची आणि ब्रेकची २१ वॅटची. मंद लाल अचानक भडक झाला की मागचा माणूस विचार न करता पाय उचलतो. त्याला सावध करतो तो हा फरक. तुम्ही आधीपासूनच २१ वॅटपेक्षा भडक पट्टी पेटवून ठेवली तर तो फरक पुसला जातो. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. मागच्याला एक सेकंद उशिरा कळलं तर काय होईल, हे मी परवा पाहिलं.

पांढऱ्या रंगाचा सल्ला तर सरळ जिवावर बेतणारा आहे. अंधारात गाडी दिसत नाही, रंग दिसतो. लाल म्हणजे पाठ, पांढरा म्हणजे तोंड. आपल्याकडच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यावर पुढे पांढरा उजेड दिसला की ड्रायव्हरला वाटतं, समोरून कोणी येत आहे, बाजूनं निघून जाईल. प्रत्यक्षात तो उभा ट्रॅक्टर असतो, ट्रॉलीच्या मागे पांढरी पट्टी लावलेला. हे लक्षात येईपर्यंत तो ट्रॉलीखाली गेलेला असतो. आणि हा मेसेज लिहिणारा म्हणतो, "एक जीव वाचवा"!

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०८ मेसेज लिहिणाऱ्यानं उघडूनही पाहिलेला नाही. त्यात स्पष्ट आहे की पुढे लाल दिवा दाखवायचा नाही आणि मागे लालशिवाय दुसरा रंग दाखवायचा नाही. सवलती मोजक्या आहेत: पिवळा इंडिकेटर, नंबरप्लेटवर पडणारा पांढरा दिवा, रिव्हर्सचा पांढरा दिवा, ट्रॅक्टरचा नांगरणीचा दिवा, अशा. भाचा मला म्हणे, "मामा, कायले भेता, सगळेच लावून राहिले." सगळे लावतात म्हणून नियम बदलत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

एक सवलत मात्र आहे, ती लपवणार नाही. ७ वॅटपर्यंतचा बल्ब दुधी काचेमागे असेल, उजेड पसरून येत असेल, तर त्याला हा नियम लागू नाही. पण मीटरला एलईडीचे ६० दाणे असलेली जाड दाण्याची पट्टी एका मीटरलाच साधारण १४ वॅट खाते. भाच्याच्या गाडीला तीन मीटर होती, म्हणजे ४३ वॅट, उघडी.

यातच "लोड येत नाही" याचंही उत्तर आहे. ज्या वायरवर ५-५ वॅटचे दोन बल्ब चालायचे, तिच्यावर चौपट भार टाकला. फ्यूज उडाला तर पट्टीबरोबर मूळचे लाल दिवेही जातात आणि गाडी मागून पूर्ण काळी. मग कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळतो आणि वायर तापायला लागते. डिक्कीच्या बिजागरीजवळ उघडझाप होऊन सोललेली वायर मी कितीतरी गाड्यांत पाहिली आहे. पट्टीचा जोड बहुतेक तिथूनच नेतात, नुसती टेप गुंडाळून.

एलईडी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कंपनीनं दिलेला एलईडी ब्रेक लाइट साध्या बल्बपेक्षा सेकंदाचा सुमारे पाचवा भाग आधी पेटतो, ताशी ८० वर मागच्याला चारेक मीटर जास्त मिळतात. तो दिवा त्या जागेसाठी बनलेला असतो. रिळावरून कापलेली पट्टी नसते.

रेडियमबद्दल एवढंच: बॅटरी उतरून गाडी रात्री रस्त्यात उभी राहिली तर पट्टी विझते, रेडियम मागच्याच्या उजेडात चमकतं.

गुरुवारी सकाळी भाच्याला दुकानात बसवून मी पट्टी उतरवली. मग त्याला ब्रेक दाबायला लावला आणि मागे जाऊन उभा राहिलो. डावा ब्रेक लाइट पेटलाच नाही. बल्ब काढून उजेडात धरला, ब्रेकची तार तुटलेली, होल्डर हिरवा पडलेला. किती दिवसांपासून बंद होता कोणास ठाऊक, पट्टीच्या झगमगाटात कोणाच्या ध्यानातच आलं नाही. होल्डर कानसून नवा बल्ब घातला, दोन्ही दिव्यांच्या काचांवरची काळ्या मातीची धूळ पुसली, बंपरला लाल रेडियम लावलं. बहिणीला त्या तुटक्या बल्बचा फोटो पाठवला आहे.