‘रामायण’ आणि ७.७ कोटी प्रेक्षकांचा विक्रम: खुलासा

टाळेबंदीत दूरदर्शनवर पुन्हा दाखवलेल्या ‘रामायण’चा १६ एप्रिल २०२० चा भाग ७.७ कोटी लोकांनी पाहिला आणि तो जगात सर्वाधिक पाहिला गेलेला मालिकेचा भाग ठरला, असा संदेश दादर-गिरगावकडील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून फिरतो. यातील आकडा दूरदर्शननेच जाहीर केलेला आहे; विश्वविक्रमाचा दावाही त्यांचाच, पण तो टिकत नाही. कोरियन युद्धावर बेतलेल्या ‘मॅश’ या अमेरिकी मालिकेचा अडीच तासांचा अखेरचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रसारित झाला, तेव्हा त्याची प्रेक्षकसंख्या सुमारे १०.६ कोटी नोंदवली गेली होती. (‘रामायण’वरील प्रेमाला विक्रमाचा टेकू लागतो कशाला, हा प्रश्न वेगळा.)

७.७ कोटींचा आकडा ‘रामायण’च्या १९८७-८८ मधील मूळ प्रक्षेपणाला चिकटवणेही चूक आहे. तेव्हा रविवारी सकाळी चाळीतल्या ज्या बिऱ्हाडी टीव्ही असे, त्याच्या दाराशी चपलांचा ढीग पडे आणि अख्खा मजला एका संचासमोर दाटीवाटीने बसे. घरोघरी मीटर बसवून प्रेक्षक मोजण्याची आजची पद्धत त्या काळी आपल्याकडे आलेलीच नव्हती.