गरम गाडी आणि ओलं फडकं : खुलासा

कात्रजचा घाट चढून बंद केलेली जुनी गाडी पुन्हा चालू होत नसेल तर पेट्रोलच्या पाइपवर ओलं फडकं टाका, असा सल्ला फिरतोय. तो कार्बोरेटरच्या (पेट्रोल हवेत मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग) जमान्यातला; तेव्हा उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडायचा. इंजेक्शनच्या (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत पंप बहुधा टाकीतच असतो, पेट्रोल साधारण ३ बार दाबाखाली असतं. वाफ सहसा अडत नाही. अडते ती बंद केल्यावर दाब उतरला तर. फडक्याने गुण येतो म्हणतात, पण तेवढ्या वेळात गाडी आपसूकच गार होते!

चावी २-३ सेकंद ऑन करा (पंप पुन्हा दाब भरतो), बंद करा, पुन्हा तेच, मग स्टार्टर मारा. लगेच चालू झाली तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (दाब उतरू न देणारी झडप) किंवा गळका इंजेक्टर बघा. गरम असताना स्पार्कच येत नसेल तर संशय क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे ओळखणारा सेन्सर). नाना पेठेतून नवा पंप आणण्याआधी हा सेन्सर तपासून घ्या.