सतरा माणसं, दहा इंच

हजार पौर्णिमा पुऱ्या व्हायला ८० वर्षं आणि साधारण १० महिने लागतात. बाबांनी त्या पुऱ्या केल्या, आणि तेही फारशी कुरकुर न करता. त्या सोहळ्याचा एक फोटो फ्रेममध्ये बसवायला मला तीन आठवडे लागले. बाबांनी न केलेली सगळी कुरकुर मी त्या तीन आठवड्यांत करून घेतली.

घोळ एवढाच झाला की फोटोच्या आधी फ्रेम आली. ताई आणि भावोजींनी पुण्याहून आणलेली, जर्मन सिल्व्हरची, वर ‘सहस्रचंद्रदर्शन’ आणि खाली बाबांचं नाव कोरलेली. आठ बाय दहा. कोरून घेतलेली वस्तू दुकानदार परत घेत नाही. मी विचारून पाहिलं. ताईला अर्थातच हे ठाऊक नाही.

फोटो मीच काढला होता. नौपाड्यातल्या हॉलमध्ये लेकाचा कॅमेरा स्टँडवर लावायचा, दहा सेकंदांचा टायमर सुरू करायचा आणि धावत जाऊन मागच्या रांगेच्या टोकाला उभं राहायचं. गुळगुळीत फरशी, अंगावर धोतर. असं अकरा वेळा धावलो. नवव्या खेपेला आतोबा म्हणाले, “अरे, याचाच सत्कार करा.” अकराव्या फोटोत आत्या सोडून सगळ्यांचे डोळे उघडे होते, बाबा चक्क हसत होते, आणि मी अजून पोचत होतो. तोल सावरायला मी आतोबांचा खांदा धरलाय हेही त्यात नीट दिसतं. मी तेवढा नीट दिसत नाही, हललोय.

गोखले रोडच्या एका गल्लीत फोटोचं छोटं दुकान आहे. तिथे आधी मी फॅमिली ग्रुपवर टाकलेलाच फोटो घेऊन गेलो. कॉम्प्युटरवरच्या मुलाने तो उघडून माझ्याकडे डॉक्टर रिपोर्ट बघून बघतात तसं पाहिलं. “काका, हा लांबीला १६०० पिक्सेल आहे. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० लागतात. पोस्टकार्डाएवढा येईल. ओरिजिनल आणा.”

ओरिजिनल आणला. ६००० बाय ४०००. मुलगा खूश झाला, पण लगेच गंभीर झाला. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन या प्रमाणात येतो. उंची आठ इंच ठेवली की लांबी बारा इंच होते. फ्रेम दहाची. “दोन इंच कापावे लागतील. कोणाला कापू?”

त्याने हे इतक्या सहज विचारलं की शेजारी पासपोर्ट फोटोसाठी केस विंचरत बसलेला गृहस्थ थबकला.

हिशेब असा होता: मागच्या रांगेत अकरा जण, खांद्याला खांदा लावून, माणशी एक इंच. डावीकडे केळीचा खांब, तोही इंचभर. खांब गेला तर कोणी रुसणार नव्हतं. उरला एक इंच, म्हणजे एक माणूस. डाव्या टोकाला भावोजी, उजव्या टोकाला मी. ज्यांनी फ्रेम आणली त्यांनाच फ्रेमबाहेर काढायचं, हे काही कुठल्या घराण्यात बसत नाही.

घरी सभा भरली. आत्याने फोनवरून तोडगा सांगितला, “कापताय कशाला? दोन्ही बाजूंनी जरा दाबून बसवा.” मुलाने तसंही करून पाठवलं. सगळे एक षष्ठांशाने बारीक झाले. भावोजींना ते फार आवडलं, इतकं की आपला तेवढा फोटो वेगळा मिळेल का, असं त्यांनी विचारलं. पण मागे आम्ही पुठ्ठ्याचा मोठा चंद्र लावला होता, तो लांबोडका झाला. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “हजार चंद्र बघितले, अंडं पहिल्यांदाच बघतोय.”

वरखाली पांढरी पट्टी सोडून अख्खा फोटो बसवता आला असता. “तेवढ्यात चेहरे ओळखायला भिंग लागेल,” आई म्हणाली. मग बायको शांतपणे म्हणाली, “अहो, तुम्हीच जा ना बाहेर. तुम्ही काय, घरातच असता.”

मी गेलो. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. “काका, तुम्ही गेलात, पण तुमचा हात राहिलाय.” आतोबांच्या खांद्यावर मनगटापासून तुटलेला एक पंजा होता. “हात काढू की तुम्हाला परत आणू?”

एव्हाना त्याच्याकडे बाकीच्यांच्या मागण्याही पोचल्या होत्या. आत्याला सातव्या फोटोतले डोळे हवे होते, ते मिळाले. फोटोशॉपमध्ये २००२ साली हीलिंग ब्रश नावाचं हत्यार आलं, त्याने डाग पुसले की आजूबाजूची कातडी आपोआप जुळवून येते. या मुलाने ते इतक्या प्रेमाने फिरवलं की आईच्या हनुवटीवरचा तीळही गेला. बाबा म्हणाले, “बाई चांगली आहे, पण माझ्याशेजारी का बसलीय?” तीळ परत आणला. आमच्या लग्नाच्या वेळी निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचे, तरी तीळ राहिला होता, असंही बाबांनी सुनावलं.

माझ्यावर मात्र मुलाला दया आली. दुकानात नमुना म्हणून त्याने केलेला एक फोटो लावलाय: वारलेले आजोबा नातवाच्या मुंजीत, मांडवात हसत उभे. “तुम्हाला तसंच उचलून मागे लावतो,” तो म्हणाला. “मधोमध थोडी जागा आहे.”

ती जागा डोक्यांच्या वर होती, बरोबर चंद्राच्या पुढे.

प्रिंट मॅटवर घेतली. पावसाळ्यात ग्लॉसी काचेला चिकटते म्हणे. फ्रेममध्ये अगदी चपखल बसली. आता हॉलच्या भिंतीवर सोळा माणसं लख्ख दिसतात आणि त्यांच्या वर, धूसर, खांद्यापर्यंतच, मागे गोल प्रभा घेऊन मी.

परवा दुसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेले एक आजोबा बाबांना भेटायला आले. चहाचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात पोचलो, तेव्हा ते फ्रेमसमोर उभे होते. त्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात आईला विचारलं, “हे मागचे... कधी गेले?”

आईला कमी ऐकू येतं. ती म्हणाली, “आत्ताच. चहा टाकायला.”