नशीब, फ्रॅक्चर नाही!

रिक्षातून उतरताना पेव्हर ब्लॉक हलला, पाय आत वळला, घोटा टम्म सुजला आणि एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "छान, हाड शाबूत आहे, फक्त लिगामेंट." आता एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसतच नाही, मग ते 'फक्त' कुठे दिसलं बुवा?

बाहेर बिलासाठी थांबलो तर शेजारी एक काका.

"काय, शीर चढली?"

"नाही हो, लिगामेंट फाटलंय थोडं."

"म्हणजे शीरच."

म्हटलं, काका, शीर वेगळी. हा हाडाला हाड बांधणारा पट्टा असतो, कोलॅजनच्या धाग्यांचा, तिथे रक्तपुरवठा कमी म्हणून भरायला वेळ लागतो.

"रक्त कमी आहे? बीट खा."

"माझ्यात नाही, लिगामेंटमध्ये."

"मग पायाचं सूप प्या. बोकडाचा पाय पोटात गेला की आपला पाय सांधतो."

ते कोलॅजन पोटात पचून त्याचे तुकडे होतात हो, पत्ता विचारत घोट्यापर्यंत नाही जात, हे मी सांगेपर्यंत काकांनी आवाज खाली आणला. "हे बघा, मी पायाळू आहे." आणि चप्पल काढली!

"काका, ते कंबरेच्या उसणीला ना?"

"घोट्याला हळू मारतो."

समोर हात गळ्यात बांधलेल्या बाई होत्या, त्या मला धीर द्यायला लागल्या की घ्या मारून, आमच्या आत्याबाईंना गुण आला होता. ऑर्थोपेडिकच्या दारात, एमएस डॉक्टरच्या बोर्डाखाली! मी एका पायावर लंगडी घालत कॅश काउंटरला जाऊन उभा राहिलो.

घरी चिडून वाचत बसलो. हाड, कूर्चा, लिगामेंट, चरबी, एवढंच काय रक्तसुद्धा, सगळी एकाच संयोजी ऊतींच्या, म्हणजे शरीराला जोडून-आधार देऊन ठेवणाऱ्यांच्या, खानदानातली. पण मान फक्त हाडाला. हाड मोडलं की प्लास्टर, त्यावर भाचरांच्या सह्या, भेटायला येणारे सफरचंदं आणतात. लिगामेंटला काय, तर क्रेप बँडेज. आत मात्र केवढी धावपळ चाललेली असते, मास्ट पेशी हिस्टामिन सोडून सूज वाढवतात, मॅक्रोफेज मोडतोड उचलतात, मग फायब्रोब्लास्ट बिचारे नवीन कोलॅजन विणत बसतात, तेही आधी वेडंवाकडं, मग कित्येक महिने ते सरळ होत राहतं. चरबीच्या पेशी तर माझ्याकडे भरपूर शिल्लक आहेत, पण त्यातली एक हलेल तर शपथ.

आणि हे सगळं साहेबांना सांगायचं कसं? रजेचा मेल टाकला तर लगेच फोन, "फ्रॅक्चर नाही ना? मग सोमवारी या, लिफ्ट आहे की." लिफ्ट आहे, बरोबर. गेल्या महिन्यापासून तिच्यावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी आहे आणि आमचा मजला चौथा.