स्वभाव, ताण आणि चेहऱ्यातली कळ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडते. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेतून विजेसारखी कळ येण्याचा आजार, यावरच्या माझ्या लेखात मी लिहिलं होतं की हे दुखणं नसेचं आहे, स्वभावाचं नाही. त्यावर तुमचा आक्षेप असा : तुमच्या आत्यांना हाच आजार आहे. त्या पहिल्यापासून काळजी करणाऱ्या, सगळं जागच्या जागी लागणाऱ्या. इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केल्यावर त्यांची कळ कित्येक महिने आली नाही. ताणाचा वाटा नाकारून मी रुग्णाच्या हातात होतं तेवढंही काढून घेते आणि त्याला गोळ्यांच्या हवाली करते, असं तुम्ही म्हणता.

मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी पाचवी ती ही ट्रायजेमिनल नस. तिच्या तीन शाखा, कपाळ, गाल आणि जबडा. बहुतेक रुग्णांमध्ये ती मेंदूच्या खोडात शिरते तिथे एखादी रक्तवाहिनी तिच्यावर दाबत असते. नसेवरचं आवरण तेवढ्या जागी झिजतं आणि वायरचं रबर गेल्यावर व्हावं तसे स्पर्शाचे संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतात. म्हणून दात घासताना, पंख्याचा वारा लागताना, भाकरीचा घास चावताना करंट बसतो. काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. पण तेवढ्यात माणूस जागच्या जागी थिजतो. काहींना हे मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे, म्हणजे मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणाऱ्या आजारामुळे होतं, काहींच्या एमआरआयमध्ये काहीच सापडत नाही.

तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं, की असा रक्तवाहिनीचा स्पर्श तर त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनमध्येही दिसतो, मग फरक ताणाचा का नसेल? नुसता स्पर्श पुष्कळांना असतो हे खरं. पण नस जागेवरून सरकलेली किंवा बारीक झालेली असेल, तर ती बहुतेक वेळा दुखऱ्या बाजूचीच असते. पिट्सबर्गचे न्यूरोसर्जन पीटर जॅनेटा यांनी 1960 च्या दशकापासून कानामागून कवटी उघडून रक्तवाहिनी बाजूला करण्याची आणि मध्ये मऊ तुकडा (पुढे टेफ्लॉनचा) ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. 1996 मध्ये त्यांच्या चमूने अकराशेहून अधिक रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला : दहा वर्षांनंतरही 70 टक्के रुग्णांचा निकाल उत्तम होता. ही माणसं आपापल्या स्वभावासकट टेबलावर गेली आणि त्याच स्वभावासकट घरी आली. बदलली ती नसेशेजारची जागा.

आता आत्यांच्या शिबिराबद्दल, कारण मला तोच भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. या आजाराला, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, आपोआप विश्रांतीचे काळ येतात. कळ आठवडे, महिने, कधी त्याहून जास्त काळ गायब होते आणि मग परत येते. दुखणं टोकाला गेलं की माणूस काहीतरी नवं करून बघतो, त्याच सुमारास हा काळ सुरू झाला तर श्रेय त्या उपायाला जातं. दाढदुखी समजून दाढ काढलेल्या कितीतरी रुग्णांच्या बाबतीत हेच घडतं. निरोगी दाढ जाते, थोडे दिवस बरं वाटतं, मग शेजारची दाढ काढायची वेळ येते. आणि आणखी एक गोष्ट. शिबिरात मौन असतं. बोलणं हा ज्यांच्या कळेचा चाप आहे, त्यांचा तो चाप तितके दिवस कुणी ओढतच नाही. विपश्यनेचा आत्यांना फायदा झाला नाही असं मी म्हणत नाही. मन शांत होणं ही स्वतंत्र, मोलाची गोष्ट आहे. पण त्यांची कळ परत आली, तर 'साधना कमी पडली' हा बोल त्यांच्या माथी येईल, याची मला खरोखर काळजी वाटते.

स्वभावाचं म्हणाल तर काळजी करणाऱ्या लोकांमध्ये जुनाट दुखणी जास्त दिसतात, असं सांगणारे अभ्यास आहेत. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत दुखणं आधी सुरू झालं आणि स्वभावाची प्रश्नावली नंतर भरून घेतली. 1997 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी अपघातात मानेला झटका बसलेल्या 17 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची वेदना नसेवरच्या उपचाराने पूर्ण गेली, त्यांचा मानसिक त्रासही निवळला. कुणी समुपदेशन केलं नव्हतं. अभ्यास छोटा, दुखणं वेगळं, तरी दिशा स्पष्ट आहे.

मी स्वतः हे जगते आहे. भाचीच्या लग्नात मी नथ घातली नाही, कारण माझी कळ नाकपुडीच्या कडेलाच जागी होते. 'हिचं आपलं नेहमीचंच' हे शब्द मागून ऐकू आले. वाऱ्याला घाबरणारी, हसताना अर्ध्यावर थांबणारी, फोन टाळणारी बाई बाहेरून तुसडी आणि अतिचिंता करणारी दिसणारच. मी अशी नव्हते. वेदनेने मला सावध राहायला शिकवलं.

ताण खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. झोप मोडली, घरात वाद झाला की मला तीच कळ सोसायला जड जाते. वेदनेचे संदेश मज्जारज्जूत पोचतात तिथे मेंदू ते कमीजास्त करू शकतो, हे वेदनेचे संशोधक मेल्झॅक आणि वॉल यांनी 1965 मध्येच मांडलं. मी रोज श्वासाचा सराव करते. त्याने झटका थांबत नाही, पण पुढच्या झटक्याची धास्ती उतरते आणि मी जेवायला बसू शकते. रुग्णाच्या हातात हे आहेच, शिवाय कळ कशाने उठते याची नोंद, थंडीत स्कार्फ, कोमट पाणी, गोळीची वेळ पाळणं, वेळेवर न्यूरोसर्जनचं मत घेणं. यातलं काहीही करायला आधी 'दोष माझाच' हे कबूल करावं लागत नाही.

एक विनंती मात्र कळकळीची. आत्यांनी गोळ्या 'हळूहळू सोडून दिल्या' असं तुम्ही लिहिलंत. त्या कार्बामाझेपिनच्या, म्हणजे या आजारात सहसा देतात त्या औषधाच्या असतील, तर डोस बदलणं डॉक्टरांना विचारूनच व्हायला हवं. तो पुन्हा सुरू करायची वेळ आली तर जुना पूर्ण डोस एकदम घेऊ नये. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. या औषधाने वयस्कर माणसांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं, चक्कर येते, गोंधळल्यासारखं होतं, आणि घरचे त्यालाही स्वभावच समजतात. त्यांची रक्ततपासणी शेवटची कधी झाली आणि नसेसाठी वेगळा एमआरआय झाला आहे का, एवढं बघा आणि इथेच कळवा.