‘केबल बदला’ या सल्ल्याला उत्तर

आकाशाचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो. नवखा माणूस विचारतो, ‘रात्री मध्येच कॅमेरा तुटतो, म्हणजे संगणकाशी त्याची जोडणीच जाते, काय करू?’ आणि त्याला ठरलेली उत्तरं मिळतात. केबल खराब आहे, जाड आणि सोन्याचा मुलामा दिलेली घे. मध्ये हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) ठेवू नकोस, कॅमेरा थेट लॅपटॉपला लाव. यूएसबी ३ चा कॅमेरा यूएसबी २ वर चालवू नकोस, फोटो बिघडतात. फोटोत दाणे किंवा रेघा दिसल्या तरी केबलच बदल. एवढं करूनही थांबलं नाही, तर कॅमेरा सदोष आहे, परत पाठव.

सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट खरं आहे, आणि त्यापायी लोकांच्या निरभ्र, अमावास्येच्या रात्री वाया जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘कॅमेरा तुटला म्हणजे केबल खराब.’ केबल खराब असू शकते, हे मान्य. पण कॅमेरा तुटतो हे लक्षण झालं, निदान नव्हे. निदान करायचं तर आधी एकच प्रश्न विचारायला हवा: तुटतो तो नेमका केव्हा?

कॅमेऱ्याचा सेन्सर थंड ठेवणारा कूलर सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत तुटत असेल, तर संशय यूएसबीवर घेऊच नका. कूलर १२ व्होल्टवर चालतो आणि पूर्ण जोरात ३ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढू शकतो. त्याची वायर २२ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) आणि ३ मीटर लांब असेल, तर जाऊन-येऊन ६ मीटर तांब्यात जवळपास १ व्होल्ट गळतो. बॅटरी उतरत आलेली असेल तर कॅमेऱ्याला ११ व्होल्टही मिळत नाहीत. काही कॅमेरे अशा वेळी यूएसबीवरूनही गायब होतात आणि आळ यूएसबी केबलवर येतो.

काही वेळ नुसता पडून राहिल्यावर, म्हणजे ढग जाण्याची वाट बघताना, कॅमेरा गायब होत असेल, तर संगणक वीज वाचवतोय का ते पाहा. विंडोजमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ नावाची सोय असते. ती पॉवर प्लॅनमध्ये बंद करा, शिवाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रत्येक यूएसबी रूट हबच्या (संगणकाच्या आतल्या मूळ हबच्या) ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून घ्या. एकाच हबचं काढून थांबू नका, कारण कॅमेरा कोणत्या रूट हबवर बसलाय हे पोर्ट बदललं की बदलतं.

फोटो उतरवून घेताना, ऐन डाउनलोडमध्येच अडकत असेल, तर मात्र प्रश्न सिग्नलचा किंवा बँडविड्थचा आहे. इथे केबलवर संशय घ्यावा, पण त्याआधी ड्रायव्हरमधला, म्हणजे संगणकावरून कॅमेरा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, यूएसबी वेगाचा आकडा खाली आणून पाहावा. यात एक खाच आहे. झेडडब्ल्यूओ या कॅमेरा कंपनीच्या ड्रायव्हरमध्ये आकडा कमी केला की वेग कमी होतो. क्यूएचवाय या दुसऱ्या कंपनीच्या ‘यूएसबी ट्रॅफिक’ या सेटिंगमध्ये उलट आहे, तिथे आकडा वाढवला की वेग कमी होतो. दुसऱ्याची सेटिंग डोळे झाकून उतरवली की त्रास वाढतो तो यामुळेच.

आणि दुर्बीण आकाशाच्या ठरावीक भागाकडे वळल्यावरच तुटत असेल, तर केबल खेचली जातेय. माझ्या बाबतीत हेच झालं होतं. एका हिवाळ्यात मी मृगातल्या तेजोमेघावर, एम ४२ वर काम करत होतो. तेजोमेघ याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडायचा, माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, मेरिडियन फ्लिप करायचा, म्हणजे दुर्बीण दुसऱ्या बाजूला पलटवायचा, आणि त्यानंतर थोड्याच वेळात कॅमेरा गायब. तीन केबल्स बदलल्या, तिन्ही चांगल्या होत्या. शेवटी एके रात्री लाल टॉर्च घेऊन फ्लिप होताना माउंटजवळच उभा राहिलो. नळी पलटल्यावर केबल माउंटच्या एका नॉबमध्ये अडकत होती, आणि ताऱ्यामागे माउंट जसजसा सरके तसतसा कॅमेऱ्यातला प्लग केसभर तिरका होत होता. वेल्क्रोच्या पट्टीने केबल नळीला बांधली, कॅमेऱ्याजवळ थोडी सैल ठेवली, आणि पुन्हा कधी कॅमेरा तुटला नाही. थंडीत पीव्हीसीचं आवरण काठीसारखं ताठ होतं, त्यामुळे हा ताण हिवाळ्यात वाढतो. कडाक्याच्या थंडीत काम करणाऱ्यांनी सिलिकॉनच्या आवरणाची केबल जरूर घ्यावी, ती मऊ राहते. केबल बदलण्याचं हे एक खरोखर चांगलं कारण आहे.

‘जाड आणि सोन्याचा मुलामा दिलेली केबल घ्या.’ मुलाम्याने टोकाला गंज चढत नाही, दंवात राहणाऱ्या सामानाला त्याचा थोडा उपयोग आहे. पण आतलं तांबं किती जाड, हे बाहेरचं आवरण बघून कळत नाही. ते आवरणावर छापलेलं असतं: २८ एडब्ल्यूजी, २४ एडब्ल्यूजी असं. एडब्ल्यूजी म्हणजे गेजच. आकडा लहान तितकी तार जाड. बऱ्याच केबल्सवर दोन आकडे असतात, एक डेटाच्या जोडीचा आणि एक विजेच्या तारांचा. आपल्याला दुसरा बघायचा.

त्याने किती फरक पडतो, ते हिशेबानेच पाहू. २८ गेजच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. ३ मीटरच्या केबलमध्ये वीज जाऊन परत येते, म्हणजे ६ मीटर तार, म्हणजे साधारण १.२८ ओहम. कॅमेऱ्याने अर्धा अँपिअर ओढला की ०.६४ व्होल्ट वाटेतच गेले. पोर्टवर ५ व्होल्ट असले तरी कॅमेऱ्यापर्यंत ४.३६ पोचतात. यूएसबी २.० च्या मूळ नियमांत संगणकाच्या पोर्टवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट अपेक्षित आहेत, त्यामुळे पोर्टवरच ४.७५ असतील तर कॅमेऱ्याची अवस्था आणखी वाईट. हीच लांबी २४ गेजच्या तारेची असती तर गळती पाव व्होल्टवर आली असती. म्हणून दिसायला बारीक पण २४ गेजची केबल ही दिसायला दणकट पण २८ गेजच्या केबलपेक्षा चांगली.

लांबीबद्दल याच सल्ल्यात सर्रास ‘५ मीटरपर्यंत चालते’ असं सांगितलं जातं. ते यूएसबी २ बद्दल बरोबर आहे. यूएसबी ३ च्या नियमांत लांबीचा आकडाच नाही, सिग्नल किती क्षीण झालेला चालेल याची मर्यादा आहे, आणि साध्या तांब्याच्या केबलमध्ये ती ३ मीटरच्या आसपास गाठली जाते. दीड मीटरच्या दोन केबल्स एक्सटेन्शनने जोडल्या तर अखंड ३ मीटरपेक्षाही वाईट, कारण प्रत्येक सांध्यावर सिग्नल थोडा परततो.

‘हब नकोच.’ हा मुद्दा मला सगळ्यात नुकसानकारक वाटतो. हब टाळण्यासाठी लोक लॅपटॉपपासून दुर्बिणीपर्यंत चार-चार लांब केबल्स ओढतात: कॅमेरा, गायडर (माउंटला ताऱ्यावर नेमकं ठेवणारा दुसरा कॅमेरा), फोकसर (फोकस जुळवणारी मोटर), माउंट. मग माउंट वळताना त्या एकमेकींत गुंततात. हब दुर्बिणीवरच बसवला, त्याला स्वतःची वीज दिली आणि उपकरणांच्या केबल्स अर्ध्या मीटरच्या ठेवल्या, तर खाली एकच केबल जाते. हब आलेला सिग्नल नुसता पुढे ढकलत नाही, तो नव्याने घडवून पाठवतो. त्यामुळे दोन लहान केबल्स आणि मध्ये हब ही रचना एका लांब केबलपेक्षा बहुधा जास्त स्थिर चालते. हबला हब जोडण्यालाही मर्यादा आहे, सलग ५ पर्यंत. कूलर असलेल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पाठीवर दोन लहान पोर्ट असतात, तोही एक हबच आहे, हे मोजताना लक्षात ठेवावं.

हबची खरी दुखणी दोन. पहिलं विजेचं. स्वतःची वीज नसलेला यूएसबी २ हब नियमाप्रमाणे प्रत्येक पोर्टला फक्त १०० मिलिअँपिअर देऊ शकतो. यूएसबी ३ चा असा हब १५०. यावर गायड कॅमेरा (गायडर), फोकसर आणि फिल्टर व्हील (फिल्टर बदलणारं चाक) लटकवले तर ते तुटणारच, आणि दोष हबच्या जातीला दिला जाईल. शेतात, माळावर काम करणाऱ्यांनी १२ व्होल्ट घेणारा हब निवडावा, म्हणजे माउंटची बॅटरी त्यालाही चालते.

दुसरं दुखणं फारसं कुणी सांगत नाही. यूएसबी ३ च्या हबच्या आत खरं तर दोन हब शेजारी-शेजारी असतात, एक यूएसबी ३ चा आणि एक यूएसबी २ चा. दोघांच्या तारा वेगळ्या. गायड कॅमेरा यूएसबी २ चा असेल, फोकसर, फिल्टर व्हील आणि माउंटही त्याच वर्गातले असतील, तर ५ गिगाबिटचा हब घेऊनही ते सगळे मिळून ४८० मेगाबिटच्या एकाच वाटेवरून जातात. मुख्य कॅमेरा यूएसबी ३ वर असेल तर त्याला त्यांचा जवळजवळ त्रास नाही. पण तोही यूएसबी २ वर उतरलेला असेल, तर गायडरच्या सततच्या फ्रेम्स आणि मोठा फोटो एकमेकांना अडवतात. अशा वेळी गायडर संगणकाच्या दुसऱ्या पोर्टला स्वतंत्रपणे जोडून पाहावा, शक्यतो वेगळ्या कंट्रोलरच्या (संगणकातले पोर्ट सांभाळणाऱ्या चिपच्या).

कॅमेरा कोणत्या वाटेवर आहे ते अंदाजाने ठरवू नका. प्लगचं टोक निळं आहे म्हणून तो यूएसबी ३ वर चालतोय असं नाही. यूएसबी २ चा चौकोनी प्लग कॅमेऱ्याच्या यूएसबी ३ सॉकेटमध्ये बसतो आणि कॅमेरा मुकाट २ वर चालतो. टाइप-ए टोक फार हळू आत सरकवलं तरी कधी कधी हेच होतं, कारण जुन्या चार पट्ट्या आधी टेकतात. लिनक्सवर यूएसबी उपकरणांची झाडासारखी यादी उघडली की ५००० एम किंवा ४८० एम असं स्वच्छ लिहिलेलं दिसतं.

‘यूएसबी ३ चा कॅमेरा २ वर चालवला की फोटो बिघडतात.’ नाही बिघडत. २.६ कोटी पिक्सेलच्या १६ बिट कॅमेऱ्याची एक फ्रेम ५२ मेगाबाइटची असते. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० मेगाबाइट जातात, म्हणजे फोटो उतरायला दीड सेकंदाच्या आत-बाहेर. देवयानी दीर्घिकेचा ३०० सेकंदांचा एक्सपोजर घेणाऱ्याला या दीड सेकंदाने काय फरक पडतो? उलट यूएसबी ३ वर अडखळणारा कॅमेरा यूएसबी २ च्या केबलवर रात्रभर बिनतक्रार चालतो, हे मी अनेकदा पाहिलंय. दीर्घिका-तेजोमेघ टिपणाऱ्यांनी हा उपाय नवी केबल घेण्याआधी करावा. ग्रहांचं काम वेगळं. गुरूच्या ६४० बाय ४८० च्या ८ बिट फ्रेम्स यूएसबी २ वर सेकंदाला १३० च्या आसपास अडकतात, तिथे यूएसबी ३ हवंच.

‘फोटोतले दाणे, रेघा केबलमुळे.’ केबलमधून जाणारे आकडे पडताळणी-संकेतासह जातात. डेटाचं एखादं पुडकं बिघडलं तर ते पुन्हा मागवलं जातं. त्यामुळे वाईट केबलने फोटो थोडा जास्त दाणेदार होत नाही. फ्रेम गळते, अर्धी येते किंवा सगळंच थांबतं. दाणे सेन्सरचे आणि आकाशातल्या उजेडाचे. आडव्या पट्ट्या मात्र गोंगाट करणाऱ्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरमुळे येऊ शकतात. एक रात्र बॅटरीवर काढली की खात्री होते.

इथे आणखी एक घोटाळा होतो. दुर्बिणीवरच्या लहान संगणकाला घरातून वाय-फायवर जोडलेलं असतं, पडदा गोठतो आणि माणूस म्हणतो, कॅमेरा गेला. यूएसबी ३ च्या केबल्स आणि सॉकेट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात, हे इंटेलने २०१२ मध्येच सविस्तर दाखवून दिलं होतं. म्हणजे वाय-फाय गेलेलं असतं, कॅमेरा बिचारा फोटो काढत असतो. ५ गिगाहर्ट्झवर जा, किंवा वाय-फायचा अँटेना हबपासून दूर ठेवा.

‘तरीही थांबलं नाही तर कॅमेरा सदोष.’ हे म्हणण्याआधी कॅमेरा घरात आणा. झाकण लावा, एक मीटरच्या आतली केबल थेट संगणकाला जोडा, हब काढा, बाकी सगळी उपकरणं सोडवा, १२ व्होल्ट चांगल्या अडॅप्टरवरून द्या आणि दोन तास डार्क फ्रेम्स (झाकण लावलेले काळे फोटो) घ्या. टिकला, तर एका वेळी एकच गोष्ट परत जोडत जा: आधी लांब केबल, मग हब, मग गायडर. दोन गोष्टी एकदम जोडल्या तर कोणी पाडलं ते कळणार नाही. आणि घरात, लहान केबलवर, दुसऱ्या संगणकावरही तो तुटला, तर खुशाल परत पाठवा, सोबत तुटल्याच्या वेळांसकट लॉगची फाइल जोडून.