तिसऱ्या वाढदिवसाआधी मुळाक्षरं? आधी कान तयार होऊ द्या

‘मेंदूची 85 टक्के वाढ सहाव्या वर्षाआधी होते. तिसऱ्या वाढदिवसापर्यंत मुळाक्षरं आली नाहीत तर मूल कायमचं मागे पडतं. रोज फ्लॅशकार्ड दाखवा, शैक्षणिक व्हिडिओ लावा, घरात फक्त इंग्रजी बोला.’ हा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरून फिरून येतो. मी बालवाडीत शिकवते. त्यापायी रडकुंडीला आलेली मुलं आणि धास्तावलेल्या आया मला रोज भेटतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

85 टक्क्यांचा आकडा हवेतला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही तो आहे. पण त्याच धोरणात या वयासाठी खेळातून, कृतीतून शिकणं सांगितलंय. ‘कायमचं मागे पडतं’ हे मेसेजवाल्याने पदरचं घातलंय. फिनलंडमध्ये मुलं सातव्या वर्षी शाळेत जातात आणि तरीही ती वाचनात कायमची मागे पडत नाहीत.

आता फ्लॅशकार्ड. अडीच वर्षांच्या एका मुलाला घेऊन आई आली. अ अननसाचा, आ आईचा, त्याने धडाधड म्हणून दाखवलं. मी अननसाच्या चित्रावर हात ठेवला, फक्त ‘अ’ उघडा ठेवला. तो गप्प झाला. मग माझं एकेक बोट धरून उचलायला लागला, खाली अननस आहे हे त्याला ठाऊक होतं ना! तो चित्र वाचत होता. चित्र ओळखणं हीही वाचनाचीच पायरी आहे, पण घरच्यांना वाटलं अक्षर आलं आणि त्यांनी हातात वही-पेन्सिल दिली. तिथून रडारड. अहो, मनगटातली 8 छोटी हाडं जन्मतः मऊ कूर्चेची असतात, ती एकेक करून घट्ट व्हायला कित्येक वर्षं जातात. या हातांना कणकेचा गोळा द्या, मटार सोलायला द्या, ओल्या बोटाने फरशीवर रेघोट्या मारू द्या.

आणि मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही, ते सगळ्यात मोठं काम कानाचं आहे. ब्रॅडली आणि ब्रायंट या संशोधकांनी 1983 मध्ये दाखवलं, की चार-पाच वर्षांच्या ज्या मुलांना शब्दांतले सारखे-वेगळे आवाज नीट ओळखता येतात, ती पुढे वाचनातही पुढे असतात. त्याची तयारी बडबडगीतांत होते. भात, हात, सात म्हणत घास भरवा. ‘बा-हु-ली’ म्हणत तीन टाळ्या वाजवा. पुढे हाच शब्द लिहिलेला दिसेल तेव्हा तीन टाळ्यांची तीन अक्षरं समोर असतील. मराठीने दिलेली ही सोय आपण वाया का घालवायची?

व्हिडिओंचा मुद्दा लवकर संपतो. 2010 मध्ये अमेरिकेत 12 ते 18 महिन्यांच्या बाळांना शब्द शिकवणारी डीव्हीडी चार आठवडे दाखवली. न बघणाऱ्या बाळांपेक्षा त्यांना जास्त शब्द आले नाहीत. सर्वांत जास्त शिकली ती बाळं, ज्यांच्या आईवडिलांनी तेच शब्द बोलता बोलता शिकवले होते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली स्क्रीन नको म्हणते. सवलत आहे ती नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला. तेव्हा परदेशातल्या नातवाला आजीने फोनवर गोष्ट जरूर सांगावी.

‘फक्त इंग्रजी’ या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो. जिला इंग्रजी सहज येत नाही, ती आई ‘कम, सिट, ईट’वर येऊन थांबते. तीच आई मराठीत म्हणाली असती, “ही कोथिंबीर बघ, मुळांना माती लागलीय, चल धुऊ या.” केवढे शब्द गेले त्या बाळाचे! दोन भाषांनी मूल गोंधळत नाही. एका भाषेत तयार झालेला कान दुसरीतही कामाला येतो.

“पण ताई, तो पुस्तक घेऊन बसतच नाही,” असं त्या अननसवाल्या मुलाची आई म्हणाली होती. मी म्हटलं, दोनच पानं वाचा, बोट ठेवून वाचा, मध्येच थांबून ‘आता काय?’ विचारा. तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर पुन्हा वाचा. महिन्याभराने ती हसत सांगत होती, रात्री पेंगत वाचताना तिने चिमणीच्या जागी कावळा म्हटलं, तर पोरगं ताडकन उठून बसलं आणि पानावर बोट आपटत म्हणालं, “कावळा नाई! चिमणी!”